सुळक्याखाली उधळलेलं काळीज
या, असे जवळ सरकून बसा. अर्ध्या तासावरचा माथा सोडून ताठ मानेने उतरलेल्या एका ताईची कथा सांगतो!

तिघंच निघाली होती. वॉर्डात वीस वर्षं काढलेली परिचारिका, तिचा धाकटा भाऊ आणि वाटाड्या मामा. सुळक्यावर वारा मोजणारं यंत्र बसवायचं होतं. भाऊ त्यासाठी तीन वर्षं झटला होता. पहिल्या दिवशी ओढ्याने साकव नेला. दुसऱ्या दिवशी दरड कोसळली, गुडघाभर चिखलातून वाट काढावी लागली. तिसऱ्या सकाळी मात्र माथा उन्हात न्हाऊन समोर उभा राहिला.

आणि भाऊ मटकन खाली बसला!

"ताई, छातीत काहीतरी उधळलंय."

ताईने मनगट धरलं, तर बोटांना ठोके मोजवेनात. छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली. मिनिटाला एकशे नव्वद! ओठ पांढरेफटक, कपाळावर गार घाम.

"बीपी झालंय पोराला!" मामांनी खिशातून स्वतःची गोळी काढली. "काळीज एवढं धावतंय, म्हणजे प्रेशर चढलेलंच. दे ही."

"ठेवा ती खिशात! बीपी म्हटलं की चढलेलंच असतं होय?" तिने भावाच्या दंडावर बीपीचा पट्टा आवळला. "वरचा आकडा ऐंशी. उतरलंय! ओढ्यात तांब्या बुडवला न बुडवला तोच उपसला, तर भरेल का, मामा? काळजाला भरायलाच उसंत नाही. जवळजवळ रिकामंच पिळतंय ते."

"अरे देवा! मी तर आणखी उतरवायला निघालो होतो!"

"नंतर रडा. पाठ धरा त्याची."

बिनसुईची सिरिंज तिने भावाच्या तोंडात दिली. "फुंक! दट्ट्या हलू दे! असा जोर लावून झटकन आडवं झालं, की उधळलेलं काळीज ताळ्यावर येतं कधीकधी." पंधरा सेकंद. "आडवा हो!" मामांनी पाय उचलून धरले. काही नाही! पुन्हा फुंक. पुन्हा पाय वर. ताईच्या ओठांवर देवाचं नाव, बोटं मनगटावर.

काळीज क्षणभर थांबलं. मग ठक... ठक... ठक!

अठ्ठ्याऐंशी ठोके. प्रेशर एकशे दहा.

"अर्धाच तास आहे गं, ताई," भाऊ उठू लागला. "तीन वर्षं घातलीत मी."

"माथा कुठे पळत नाही. आधी डॉक्टर."

त्याचे डोळे भरले. मामांनी यंत्राची पेटी स्वतःच्या पाठीवर घेतली.

"चल रे. हा डोंगर मी पन्नासदा चढलोय. तुझ्या ताईने आज केलं, तेवढा उंच नाही तो."

भावाने ताईच्या खांद्यावर हात टाकला आणि पाऊल उताराला लावलं.

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ताईचीही आठवण ठेवा.