पान्यावरचं गंध

"विठोबाला फासावर चढवील असा पुरावा द्या," बकुळाबाई म्हणाल्या. "त्याला कोठडीत मीच टाकायला लावलंय."

गुप्तहेर दत्तोपंतांनी वही उघडली. त्यांचा मित्र श्रीपाद मात्र हळहळला. हळहळण्यात तो कधी मागे पडत नसे.

बाईंचे यजमान संताजीराव धार दरबारचे मानकरी. दसऱ्याच्या दुपारी ते बायसिकलवरून अमझेऱ्याकडे निघाले. उतारावर पुढचं चाक निखळलं आणि ते जागीच गेले. चाकाचा नट कुणीतरी सैल केला होता. बायसिकलची देखभाल नोकर विठोबाकडे.

"पाना कुठंय?" दत्तोपंतांनी विचारलं.

"देवघरात. खंडेनवमीला सकाळी विठोबानं पाना, पंप, तेलाची बुधली उंबऱ्याशी आणून दिली. आमच्यात अवजारांना सुनेनं हळद-कुंकू वाहायचं. पुरुषांनी फक्त तलवारीला गंध. आता सुतक, तेव्हा मांडणी अजून तशीच आहे."

"त्यानंतर बायसिकल चालवली?"

"नवमीच्या संध्याकाळी हे गावभर हिंडून आले. काही झालं नाही."

घरात सासू अक्का आणि धाकटे दीर गणपतराव.

अक्का म्हणाल्या, "मी विधवा बाई. पूजेला शिवत नाही."

गणपतराव म्हणाले, "मांडलेल्या हत्याराला दसरा सरेपर्यंत हात लावू नये, पाप लागतं. विठोबानंच केलंय, दुसरं कोण?"

कोठडीत विठोबा म्हणाला, "म्हूँ देवघर की देहली नी चढूँ, साब. ने ई चाक को दूसरो पानो धार में हे ज नी."

दत्तोपंत सुतकातले नव्हते. ते देवघरात एकटे जाऊन आले आणि त्यांनी सगळ्यांना ओटीवर बसवलं.

"नवमीच्या संध्याकाळपर्यंत चाक घट्ट होतं. या चाकाला दुसरा पाना धारमध्ये नाही. म्हणजे ते सैल केलं तेव्हा पाना देवघरात होता. विठोबा देवघराचा उंबरा चढत नाही."

"मग भूत?" श्रीपादनं विचारलं.

"पंपावर, बुधलीवर हळद-कुंकू आहे. पान्यावर त्याचा मागमूस नाही, तिथं चंदनाचं गंध आहे. नट फिरवताना हळद-कुंकू पुसलं गेलं. माणसाच्या जिवाचं काही वाटलं नाही, पण पाना तसाच ठेवायला हात धजेना. पाप लागतं ना? बकुळाबाईंनी पुन्हा कुंकूच वाहिलं असतं. अक्का पूजेला शिवत नाहीत. गंध लावायची सवय या घरात पुरुषाच्या बोटाला. पुरुष दोन. त्यातला एक स्वतःचं चाक सैल करून उतारावर जाणार नाही."

गणपतराव खाली बघत म्हणाले, "मानकरीपण जन्मभर त्यालाच का? पोरबाळ नाही, काही नाही."

अक्कांनी सुनेचा हात धरला. "एक गेला, दुसराही नेतेस? विठोबा परका आहे, बकुळे. गप्प राहा."

बकुळाबाईंनी हात सोडवून घेतला आणि दत्तोपंतांबरोबर त्या तशाच चावडीवर गेल्या.

विठोबा सुटला. "चुकलं रे माझं," बाई म्हणाल्या. "घरी चल."

"म्हारो नाम तो तमने ज लियो थो, बाईसाब."

एवढं बोलून तो आपल्या गावाच्या, निसरपूरच्या वाटेला लागला. त्याला मागं बोलवायला बाईंना तोंड राहिलं नव्हतं.