गोऱ्या आळीतलं घर

शिकागोच्या दक्षिण भागात ल्यूशस, त्याची बायको व्हर्डेल आणि दोन मुलं एका खोलीत राहत. सात बिऱ्हाडांत एक संडास. ल्यूशसचा पगार बरा होता, पण काळ्या माणसाला घर कोणी विकेना. म्हणून घर पाहायला त्याची थोरली बहीण ओझेला निघाली. ती शाळेत शिकवायची. रंग इतका उजळ, की अनोळखी माणूस तिला गोरीच समजे.

"हातमोजे घाल, ताई," ल्यूशस म्हणाला. "आणि हसू नको. गोऱ्या बायका घर बघताना हसत नाहीत."

"चाळीस पोरं गप्प बसवते मी. एका दलालाचं काय घेऊन बसलास?"

घर विटांचं होतं, मागे नासपतीचं झाड. त्या आळीत काळ्या माणसाला एकाच नात्यानं राहायची मुभा होती, नोकर म्हणून. स्वयंपाकघरात एक म्हातारी काळी मोलकरीण वाटाणे सोलत बसली होती. दलाल तिच्याकडे न बघता पुढे गेला. ओझेलाला त्याचं नवल वाटलं नाही.

म्हातारीनं वर पाहिलं. आपल्या माणसांपुढे हातमोजे कामाचे नसतात. ही एक शब्द बोलली, की घर गेलं.

"मुलं किती, बाळ?" म्हातारीनं हळूच विचारलं.

"दोन, मावशी."

बोलून गेली ती. वडीलधाऱ्या बाईला मान देऊन उत्तर द्यायचं, हे आईनं कान धरून शिकवलं होतं. गोरी बाई मोलकरणीला मावशी म्हणत नाही, हे उशिरा आठवलं.

दलाल वळला. "कोणाशी बोललात?"

ओझेलानं मागे पाहिलं. खुर्ची रिकामी. वाटाण्याचं एक टरफलही नाही.

"स्वतःशीच. सवय आहे."

"तीन वर्षं बंद आहे घर," दलाल म्हणाला. "होतं असं."

घर ओझेलाच्या नावावर झालं. मोलकरणीचं तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

शनिवारी सकाळी ल्यूशसचं सामान ट्रकमधून उतरलं, तसे समोरच्या फुटपाथवर लोक जमू लागले. दुपारपर्यंत साठेक झाले. कुणी ओरडत नव्हतं. नुसते बघत होते.

"परत जायचं का?" तान्ह्याला खांद्यावर घेऊन व्हर्डेलनं विचारलं.

"संडासाच्या रांगेत?" ल्यूशस दाराला टेबल लावत म्हणाला. "माझा नंबर एव्हाना दुसऱ्यानं घेतला असेल."

तेवढ्यात काच फुटली.

वीट पुढच्या खोलीतल्या बाकावर पडली. ल्यूशसची सात वर्षांची आयनेझ मघापासून तिथेच बसली होती.

बाक रिकामा होता.

मदतीला आलेली ओझेला आत धावली. पोरगी स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसली होती. मान ताठ.

"हलू नको म्हणाली, आत्या."

"कोण?"

आयनेझच्या डाव्या बाजूचे केस बारीक, घट्ट वेण्यांत गुंफलेले होते. व्हर्डेलच्या हातची ती ठेवण नव्हती. ओझेलानं बोट लावलं. केस गारठलेले होते.

उजवी बाजू अजून मोकळी होती.

"थांबलीय ती," आयनेझ म्हणाली. "विचारतेय, तुम्ही जाणार का परत."

ओझेला तिच्यापुढे खाली बसली.

"नाही," ती म्हणाली. "राहणार आम्ही."

मोकळ्या केसांत, कपाळापासून मागे, एक सरळ भांग हळूहळू पडत गेला.