पाच घट्ट टोप्या

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली. मोठा दिवा गेला आणि कोपऱ्यातला एक बारका पिवळा दिवा लागला. आत ती एकटीच होती. हातात लोकरीची पिशवी, पिशवीत नऊ टोप्या तयार, दहावी अजून सुयांवर.

तिने घंटेचं बटण दाबलं. वरून कोणीतरी ओरडून सांगितलं, मिस्त्री येतोय, घाबरू नका.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की कोणी विचारायच्या आधीच बाहेर पडायचं. मग तिने पिशवी पायाशी ठेवली, खाली मांडी घातली आणि विणायला घेतलं.

पस्तीस मिनिटांनी लिफ्ट हिसके देत वर सरकली आणि दार उघडलं. बाहेर एक तरुण उभा होता. हातात किल्ली, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि चेहऱ्यावर अडकलेल्या माणसाला धीर देण्याची पूर्ण तयारी.

"या बाहेर. संपलं आता."

"एक मिनिट," ती मान वर न करता म्हणाली. "ओळ पूर्ण होऊ दे. मध्येच सोडली तर टाके गळतात."

तो दार धरून उभा राहिला. सहा वर्षांत त्याने लिफ्टमधून पुष्कळ माणसं काढली होती. रडणारी, शिव्या देणारी, एक तर त्याच्या गळ्यात पडून देवाचं नाव घेणारी. थांबायला सांगणारी ही पहिलीच.

"भीती नाही वाटली?"

"छे. कशाची?"

ती उठली, तशी सुयांवरची टोपी त्याच्या डोळ्यांसमोर आली. खालचा भाग मऊ, सैलसर. वर सुयांलगत दोन बोटं रुंदीचा पट्टा असा आवळलेला, की टोपीला कंबर आली होती. त्याने बोट त्या पट्ट्यावर टेकवलं.

"इथे लिफ्ट बंद पडली," तो म्हणाला.

तिने टोपीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. विणणाऱ्या बाईला हे नवं नसतं. मन आवळलं की हात आवळतो, आणि हात आवळला की टाका. पण घरात, दुकानात, इतक्या वर्षांत कोणी तिला असं रंगेहाथ पकडलं नव्हतं. तिचे कान तापले.

"लोकर जरा जाड होती तिथे," ती म्हणाली, आणि उरलेला मजला जिन्याने चढून गेली.

सहाव्या मजल्यावर नवजात बाळांचा कक्ष होता. दिवस भरण्याआधी आलेली बाळं तिथे काचेच्या पेट्यांमध्ये असायची. चार वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी तिथे एकेचाळीस दिवस होती. सातव्या महिन्यातच आलेली, ओंजळभर. तिच्या डोक्यावर एक पिवळी टोपी होती. कोणी विणली, कोणालाच ठाऊक नव्हतं. कक्षाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, कोणीतरी देऊन जातं. बाळाचं डोकं उघडं राहिलं की ऊब निघून जाते.

धाकटी खोलीत रडायची, आई देवापुढे, आणि ही बाहेरच्या बाकावर कोरड्या डोळ्यांनी बसायची. घरात कोणीतरी खांबासारखं उभं राहायला हवं ना. मोठ्या सिस्टरनी तिसऱ्या दिवशी तिच्या हातात सुया दिल्या. "रिकामे हात वाईट. एक तर नखं कुरतडतात, नाहीतर जीव." बाळ वाचलं. आता घरभर चिवचिवत असतं म्हणून सगळे त्याला चिमणी म्हणतात. आणि ही, एका पिवळ्या टोपीची परतफेड म्हणून, चार वर्षं टोप्या विणत होती. दर गुरुवारी चष्म्याच्या दुकानाला सुटी असते, तेव्हा आणून द्यायची. दुकानात ती डोळे तपासायची. दिवसभर एकच वाक्य: खालची ओळ वाचा.

पुढच्या गुरुवारी ती जिन्याकडे वळली, तर मिस्त्री पहिल्या पायरीवर हजर.

"लिफ्ट चालू आहे," तो म्हणाला.

"दिसतंय. व्यायाम होतो जिन्याने."

"हो का. मग मलाही गरज आहे." त्याने पिशवी तिच्या हातातून अलगद घेतली. "नवीन यंत्रणा बसवतोय. तीन महिने इथेच आहे."

लिफ्टचा मिस्त्री जिना चढतोय हे बघून हॉस्पिटलभर चेष्टा झाली. तो म्हणायचा, दुसऱ्या कंपनीचा माल कसा आहे बघतोय. एकशे सव्वीस पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी होती आणि खिडकीखाली बाक. तिथे दम खायला थांबायचं ठरून गेलं. दम तर दोघांनाही लागलेला नसायचा. बाहेर रिमझिम असली की काचेवरून थेंब एकमेकांना गाठत खाली यायचे, आणि कुठला आधी पोचतो यावर पैज लागायची. ती नेहमी हरणारा थेंब निवडायची.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. हॉस्पिटलात पोऱ्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे. त्याने मात्र पहिल्या दिवसापासून तो शब्द कटाक्षाने टाळला होता.

"मलाही शिकवा ना हे," एकदा तो म्हणाला.

"तुम्हाला कशाला?"

"माझं निम्मं काम वाट बघण्याचंच. तेल मुरायची वाट, सुटे भाग यायची वाट..." तो जरा थांबला. "गुरुवारची वाट."

तिने ऐकलंच नाही असं दाखवत त्याच्या हातात सुया दिल्या. त्याची बोटं धरून सुलट टाका दाखवला, मग उलट. तो टाका त्याला लगेच जमला असावा, कारण तो चौथ्यांदा दाखवा म्हणाला तेव्हा त्याच्या ओठांच्या कडेला हसू होतं.

"ढोंगी आहात," ती म्हणाली.

"शिष्य आहे. रागवा, पण हात सोडू नका. टाके गळतील."

त्याने राखाडी लोकरीची एक पट्टी विणायला घेतली. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण दर आठवड्याला ती वीतभर वाढायची, आणि वीण अशी एकसारखी की मोठ्या सिस्टरनीही भुवया उंचावल्या.

अकराव्या गुरुवारी बाकावर बसल्यावर त्याने सुया बाहेर काढल्या नाहीत.

"मला बढती देतायत," तो म्हणाला. "लांब आहे, रात्रभराचा प्रवास. नवीन इमारत, आठ लिफ्ट, हाताखाली चार माणसं. पुढच्या गुरुवारी एक वाजेपर्यंत कळवायचंय." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "जाऊ का?"

 तिच्या तोंडाने, चार वर्षांच्या सवयीने, आपलं काम चोख केलं.

"जा की. छान आहे. आठ लिफ्ट म्हणजे काय थोडं आहे?"

"तुम्ही ठीक आहात?"

"मी? मला काय झालंय?"

तो खिडकीकडे बघत राहिला. त्या दिवशी थेंबांवर पैज लागली नाही.

तो आठवडा तिने भरपूर काम केलं. लोकांना खालची ओळ वाचायला लावली, चिमणीला चित्रं काढून दिली, आईची औषधं आणली, आणि संध्याकाळी बसून पाच टोप्या विणल्या. आई म्हणाली, "बरी आहेस ना गं?" "ठीक आहे की." चिमणी मात्र शेजारी बसून तिच्या हातांकडे बघत होती. "मावशी, लोकरीला दुखेल," ती म्हणाली.

गुरुवारी मिस्त्री पायरीवर नव्हता. ती एकटीच चढली, तिसऱ्या मजल्यावर थांबली नाही. मोठ्या सिस्टरच्या टेबलावर संत्र्याएवढा एक रबरी चेंडू असायचा. आलेली प्रत्येक टोपी आधी त्या चेंडूला घालून बघायची हा त्यांचा नियम होता. त्यांनी पहिली टोपी घेतली. ती अर्ध्यात अडकली. दुसरीही. पाचव्या टोपीला त्यांनी दोन्ही अंगठे लावून ताणलं, आणि मग सगळ्या परत तिच्यापुढे सरकवल्या.

"एकही चालणार नाही. बाळाच्या कपाळावर वळ उठतील."

"माप तेच आहे, सिस्टर. टाकेही तेवढेच घातलेत."

"टाके तेवढेच आहेत. तू तेवढी नाहीस." सिस्टरनी चष्मा कपाळावर चढवला. "त्या बाकावर एकेचाळीस दिवस बसलीस, तेव्हाही असंच विणायचीस. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण घरावरच तसं आलं होतं. आता काय आलंय?"

तिला 'काही नाही' म्हणायचं होतं. पण पाच टोप्या समोर पुरावा म्हणून बसलेल्या. दिवसभर लोकांना ओळी वाचायला लावणाऱ्या बाईला स्वतःच्या हातची अक्षरं पहिल्यांदा नीट दिसली. प्रत्येक ओळीत एकच लिहिलं होतं: जाऊ नको.

घड्याळात बारा पन्नास झाले होते. "मिस्त्री कुठे आहे?"

"शेवटची ट्रायल घेतोय. लिफ्टमध्येच असेल."

तीन महिन्यांत ती लिफ्टच्या दारापाशी उभी राहिली नव्हती. आज राहिली. दार उघडलं. आत तो होता, खांद्याला हत्यारांची पिशवी. 'दुरुस्ती चालू' असा फलक आतूनच टेकवून ठेवलेला.

"तुम्ही... जिन्याने जाता ना?"

"आज घाई आहे." ती आत गेली. दार मिटलं आणि तिचा हात आपोआप कठड्यावर आवळला.

"ट्रायलवर आहे," तो म्हणाला. "प्रत्येक मजल्यावर थांबणार."

"थांबू दे." तिने पिशवीतून एक टोपी काढून त्याच्यापुढे धरली. "वाचा."

"कुठली ओळ?"

"कुठलीही."

पाचव्या मजल्यावर दार उघडलं. एक सफाईवाल्या मावशी आत डोकावल्या, दोघांना पाहून म्हणाल्या, "चालू द्या," आणि दार मिटलं. त्याने टोपीत बोटं घातली. तीनच गेली. त्याने ती उलटी करून पाहिली, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"अख्खी टोपी लिफ्टमध्ये अडकलीय," तो हळूच म्हणाला.

"अशा पाच आहेत. एकूण एक नापास."

"टोपीचं कळलं. पण टोपी माझ्याशी बोलत नाही, तुम्ही बोलता. गेल्या गुरुवारी म्हणालात, जा."

चौथा मजला. व्हीलचेअरवरचे एक आजोबा वाट बघत होते. "वर की खाली?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरायचंय, आजोबा," मिस्त्री म्हणाला. दार मिटलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. एकदा सुरुवात झाल्यावर मग थांबता येईना. "लिफ्टची वाटते. चिमणी शिंकली तरी वाटते. त्या दिवशी पस्तीस मिनिटं मी आत थरथरत होते आणि तुम्हाला म्हटलं, छे. सगळ्यांना मी ठीक आहे म्हणते, कारण मी ठीक नसले तर बाकीच्यांनी काय करायचं? पण तुला..." ती अडखळली. "तुला खोटं सांगितलं. तू जाऊ नकोस. मला तू आवडतोस. गुरुवार आला की सकाळपासून आवडतोस."

तिसरा मजला. दार उघडलं. समोर त्यांची खिडकी, रिकामा बाक, काचेवर पाऊस. बाहेर कोणीच नव्हतं.

त्याने पिशवीत हात घातला. पाना, पकड, तेलाची बाटली, आणि या सगळ्याखालून ती राखाडी पट्टी बाहेर निघाली. वीत वीत करत चांगली लांब झालेली, कडेला ग्रीसचे ठसे. वीण अगदी एकसारखी. शेवटाला मात्र तीन ओळी अशा खेचलेल्या, की पट्टी तिथे चुरगळून आत गेली होती.

"इथे काय झालं?" तिने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"इथे कोणीतरी म्हणालं, जा की, छान आहे."

ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कोणासमोर भरले नव्हते. त्याने ते पुसायला हात पुढे केला, हाताकडे पाहिलं, ग्रीस दिसलं, आणि राखाडी पट्टीचं टोक पुढे केलं. ती कशासाठी विणली होती ते तेव्हा ठरलं.

तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा एक वाजायला तीन मिनिटं होती. त्याने तिथेच उभं राहून फोन लावला.

"साहेब, मला नाही जमणार... नाही, पगाराचं काही नाही. इथेच एक काम हातात घेतलंय. अर्ध्यात सोडलं तर टाके गळतात." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तो ऐकत होता, आणि त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांवर ती टोपी तशीच होती.

पाचही टोप्या त्यांनी बाकावर बसून उसवल्या. तो दोन्ही हात पुढे धरून बसायचा, ती हातांभोवती लोकर गुंडाळायची. उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांच्या वळ्या राहतात. धुतली की जातात. तिने लोकर धुतली, वाळवली आणि आठवडाभरात पुन्हा पाच टोप्या विणल्या. या वेळी शेजारी चिमणी गुणगुणत होती, आणि तिच्यासोबत मावशीही.

गुरुवारी मोठ्या सिस्टरनी पहिली टोपी चेंडूवर घातली. ती घसरून थेट टेबलापर्यंत आली. दुसरीत चेंडू दिसेनासा झाला. सिस्टरनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे पिशवी धरून उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे.

"अस्सं," त्या म्हणाल्या.

"उसवते, सिस्टर. पुन्हा करते."

"काही नको. ठेव." त्यांनी खालचा खण ओढला. "पेटीतल्यांना नाही होणार. पण इथून घरी जातात त्यांना लागतील. वाढतात की तीही. तुमची चिमणी नाही का वाढली?"

पाचही टोप्या खणात गेल्या. दोघं बाहेर आली. लिफ्टचं दार उघडंच होतं, नवा दिवा लख्ख लागलेला.

"आता भीती वाटते?" त्याने विचारलं.

"थोडी वाटते," ती म्हणाली.

"मग? लिफ्ट की जिना?"

"जिना," ती म्हणाली. "वेळ जास्त लागतो."