शून्य नंबरची सीट

"मॅडम, शून्य नंबरची सीट कुठं असते, तेवढं सांगून देता का?"

दीप्तीनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर उचलली. दारात धम्मपाल उभा होता, उकवा गावाच्या बसचं बुकिंग सांभाळणारा. आजवर फक्त फोनवर भांडलेला... समोर मात्र चक्क देखणा.

"ड्रायव्हरच्या मांडीवर," ती थकून म्हणाली.

"मंग सकाळी अख्खी बस तिथंच बसली असती."

तिला हसूही आलं नाही. तिच्या बुकिंग प्रोग्रामच्या सर्व्हरवर पीएचपी या संगणकभाषेची नवीन आवृत्ती चढल्यापासून सीट नोंदवणाऱ्या फंक्शनला आकड्याऐवजी मजकूर मिळाला की ते बंद पडायचं. काल डोळे मिटत असताना तिनं जे येईल त्याला जबरदस्तीनं आकडा करून टाकलं होतं. एरर गेली, पण सगळ्यांना शून्य नंबर मिळाला.

"तुमी कसं टाइप करता, दाखवा बरं."

तो शेजारी बसला. कीबोर्ड हिंदीवर होता. त्यानं सीट लिहिली – १२.

दीप्ती बघतच राहिली. पीएचपीला इंग्रजी अंकच कळतात, त्याच्या लेखी ही नुसती अक्षरं.

"माहं चुकलं का?"

"नाही. तुमी बाराच लिहिले. मीच न पाहता बदलवलं."

तिनं आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलणाऱ्या ओळी लिहिल्या. तरीही आकडा निघाला नाही, तर फंक्शनकडे काही पाठवायचंच नाही. लिहिणाऱ्यालाच पुन्हा विचारायचं. तोवर धम्मपाल चहा घेऊन आला. कप देताना बोटं लागली... दोघांनीही लगेच काढली नाहीत.

"काहून इतक्या थकल्या?"

"आई आजारी आहे. दिवसभर इथं, मंग तिच्यापाशी. ही नोकरी सोडून राह्यली मी."

त्यानं चहाचा कप बाजूला सारला.

"सोडा. पण मंग... मी भांडू कोनाशी?"

"एरर नसली की कशाले भांडाल?"

"मागच्या हप्त्यात एरर नव्हती. बटन दिसत नाही म्हनलं, ते खोटं होतं. तुमचा आवाज ऐकाचा होता."

दीप्तीनं कॉम्प्युटर बंद केला. मग कितीतरी दिवसांनी, अगदी हळू, हसली.

"नोकरी तर सोडनारच. पण फोन चालू राहीन माहा."

"आज करू?"

"आज नोको. आज मले झोपू द्या."

"अन् उद्या?"

तिनं बॅग खांद्यावर घेतली. दारापर्यंत गेली, थांबली.

"हौ... उद्या करा. पण खोटं कारण नोका सांगू. आवाज ऐकाचा आहे, असंच म्हना."