तळघराच्या दारावरचा माणूस

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण विभावरी माझी मावसबहीण आहे आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

गोष्ट फेब्रुवारीतली. दुबई, अल कुसैस. शुक्रवारची भर दुपार.

विभावरी तिथल्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये मालाची क्वालिटी तपासते. त्या आठवड्यात फ्रान्समधल्या एका छोट्या गावाहून चीज आलं होतं. जात्याएवढी गोल चाकं, प्रत्येकावर गावातल्या जुन्या चर्चचं चित्र.

हे चीज त्या चर्चखालच्या तळघरातच मुरतं. तिथलं काम बघणारी मार्गो व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "आत गेलेल्याने लाकडी दारावर दोनदा ठोकायचं. बाहेरच्याने तीनदा उत्तर द्यायचं. आतला बाहेर येईपर्यंत त्याने दार सोडायचं नाही."

विभावरीला ते भारी आवडलं. आपल्या कोल्ड रूमच्या दारावरच्या रफिकलाही तिने तेच शिकवलं.

त्या दुपारी दोन मिनिटांचं काम म्हणून ती जॅकेट न घालताच आत शिरली. इथेच बाईसाहेबांनी माती खाल्ली.

दार मागे बंद झालं. आतून उघडायची मूठ… फिरेना.

तिने दोनदा ठोकलं. बाहेरून लगेच उत्तर आलं.

ठक. ठक. ठक.

"रफिक, दार उघड! मूठ अडकलीय!"

दार काही उघडेना.

पुन्हा दोन. पुन्हा तीन.

मोबाइलला रेंज नव्हती. हातपाय गार पडले, दात वाजायला लागले. बाहेर माणूस आहे, एवढ्यावरच तिने धीर धरला.

मग तिच्या लक्षात आलं… दार स्टीलचं होतं.

आवाज लाकडाचा होता.

अर्ध्या तासाने दार उघडलं. तिला बघून रफिकचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, तुम्ही आत? खुंटीवर जॅकेट बघून वाटलं, बाहेरच असाल. मी जुम्म्याच्या नमाजाला गेलेलो. अल्लाशपथ, आत्ता येतोय!"

संध्याकाळी तिने मार्गोला फोन केला. सगळं ऐकून मार्गो म्हणाली,

"दारावरचा आमचा म्हातारा गेला. तुमचा माल ट्रकमध्ये चढला, त्याच दिवशी."

तो माल केव्हाच विकला गेला. पण परवा, जूनमध्ये, तिच्या पाच वर्षांच्या अथर्वने खेळता खेळता फ्रिजवर चमचा दोनदा वाजवला.

ठक. ठक. ठक.

आतून… लाकडावर.

"मम्मा, समवन इज नॉकिंग बॅक!"

विभावरीने मला लगेच फोन लावला.

"ताई, आतला बाहेर येईपर्यंत तो दार सोडत नाही ना? मग त्या दिवशी मी… खरंच बाहेर आले ना गं?"

"हो गं वेडे," मी म्हटलं.

दुबईत तेव्हा पंचेचाळीस डिग्री ऊन होतं… आणि फोनवर तिचे दात वाजताना मला स्पष्ट ऐकू येत होते.