सातव्या दर्जाचं पाणी

‘सलगी’ वापरणाऱ्या शंभरातल्या नव्वद जोडप्यांनी तिचं माहितीपत्रक कधी उघडलेलं नसतं. ओवी घोरपडेने ते तीनदा वाचलं होतं. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिची खात्रीच पटली, की नवरा आपल्याशी खोटं बोलतोय.

सलगी म्हणजे तळहाताएवढ्या दोन मऊ गाद्या. एक बायकोकडे, एक नवऱ्याकडे. अंगाशी धरली की एकाच्या काळजाचे ठोके, श्वास आणि अंगाची थरथर दुसऱ्याच्या गादीत जशीच्या तशी उमटते. आवाज नाही, चित्र नाही. वस्तू प्रौढांची, एकांतात वापरायची. चारचौघांत तिचं नाव कुणी काढत नाही, आणि दूरदूर राहणाऱ्या निम्म्या नवराबायकोंचा संसार तिच्यावर चाललाय. ओवीचा नवरा राजवर्धन रत्नागिरीपासून आत, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या फलाटावर कामाला. चार महिने तिकडे, महिनाभर कोल्हापुरात. फलाटावर झोपायच्या जागा पडद्याआड, पलीकडे दुसरा माणूस. त्यामुळे सलगी धरताना फोनवर कुजबुजायचंसुद्धा नाही असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

या खेपेला त्याची गादी बंद पडली. घरी आल्यावर म्हणाला, शॉवरखाली गेली चुकून. आता माहितीपत्रकात तर स्वच्छ छापलेलं, जलरोध दर्जा सात. मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी काही होणार नाही. मग शॉवरनं काय होणार? ओवीने मैत्रिणींना विचारलं, आणि तिथेच चुकली. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की सलगीचं सील परक्या अंगाला लागलं की जातं. कसलं शास्त्र नि कसलं काय, पण डोक्यात शिरलं ते शिरलं. शनिवारी तो परत फलाटावर जाणार होता. त्याआधी त्याच्यासोबत राहायचं की नाही याचा निकाल लावायचाच, असं ठरवून बुधवारी ती त्याची गादी पिशवीत घालून पुण्याच्या परीक्षाकेंद्रात आली. घरी सांगितलं, बहिणीकडे जाते.

केंद्रातल्या डॉ. ऋजुता तांबे गेली वीस वर्षं वस्तू पाण्यात बुडवून बघतायत. बाईंचा स्वभाव तिखट. लोकांना आकडा दिसतो आणि त्याखालची ओळ दिसत नाही, याचा त्यांना मनस्वी राग. त्यांनी ओवीला खुर्ची दिली आणि आधी शिकवणीच घेतली. सातवा दर्जा म्हणजे गोडं, स्वच्छ, उभं पाणी. खोलीतल्या हवेइतकंच गार-गरम. त्यात ना साबण, ना मीठ, ना धार. धारेची परीक्षा निराळी, सहाव्या दर्जाची असते, आणि सात हा सहापेक्षा मोठा आकडा म्हणून धारेत टिकेलच असं मुळीच नाही. तेव्हा नवरा शॉवर म्हणतोय, तर शॉवरही असू शकेल. कढत पाणी, वर फेस, जोराची धार. एवढं ऐकूनच ओवीच्या जिवात जीव आला. चहा आला तो तिने घेतलासुद्धा.

दुपारी बाईंनी गादी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि शॉवरची गोष्ट तिथेच संपली.

सलगीचं सील रबराचं नसतं. ते जिवंत असतं. निरुपद्रवी जिवाणूंचा एक पातळ थर गादीभर वाढवलेला असतो, त्याला जीवपापुद्रा म्हणतात. कापलं, घासलं गेलं तर दुधावर पुन्हा साय धरावी तसा तो भरून येतो. कढत पाण्याने तो सगळीकडून सारखा सुकतो. इथे तसं नव्हतं. इथे पापुद्र्याला बारीक बारीक भोकं होती, आणि भोकांच्या कडा विरघळलेल्या. जिवाणूची भिंत विरघळवणारं एक द्रव्य माणसाच्या अंगातच असतं. लाळेत, घामात असतं ते थोडं. तेवढं सील सोसतं. भरपूर असतं ते एकाच ठिकाणी, डोळ्यांतल्या पाण्यात. डोळ्यांत जंतू वाढू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. सील बनवणाऱ्यांनी सगळं तपासलं होतं, पण ही वस्तू कुणी डोळ्यांवर धरेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पापुद्रा फाटला की साधन वेळ टिपून ठेवतं. गेल्या चार महिन्यांत एकेचाळीस वेळा तो फाटला आणि एकेचाळीस वेळा भरून आला होता. बेचाळिसाव्यांदा भरला नाही.

आता पंचाईत अशी, की अहवालात केंद्राला दोनच शेरे लिहिता येतात: ‘पाणी’ किंवा ‘पाणी नव्हे’. बाकी माणसाच्या खाजगी गोष्टी उघड करायला नियमाने बंदी. आणि नियमाच्या पुस्तकात पाणी म्हणजे ते गोडं, उभं पाणी. अश्रू त्यात बसत नाहीत. बाईंनी सवयीने ‘पाणी नव्हे’ लिहिलं आणि कागद ओवीच्या हातात दिला.

ओवीने तो वाचला. रडली नाही, ओरडली नाही. नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, कोल्हापूरची बस किती वाजता असते. बाईंना तिचा चेहरा बघवेना. हा कागद घेऊन ही घरी जाणार आणि एका निर्दोष माणसाचं घर मोडणार. सांगावं, तर ज्या माणसाने बायकोपासून जपून लपवलं ते त्याच्या माघारी उघडं करायचं. शॉवरची थाप त्याने त्यासाठीच तर मारली होती. वीस वर्षांत बाईंनी एकदाही नियम मोडला नव्हता. त्या दारापर्यंत गेलेल्या ओवीच्या मागे गेल्या.

“बसा जरा,” त्या म्हणाल्या. “कागदावर ‘पाणी नव्हे’ आहे. पण आपल्या बोलीत त्याला पाणीच म्हणतात. डोळ्यांतलं.”

ओवीला आधी कळलंच नाही. मग तिने विचारलं, कुणाच्या डोळ्यांतलं? बाई म्हणाल्या, गादी ज्याची त्याच्या. दुसऱ्या कुणाच्या अंगाची खूण गादीवर नाही.

ओवी परत खुर्चीवर बसली. चक्क हसली, हात जोडले, देवाचं नाव घेतलं. आपण काय काय मनात आणलं त्याच्याबद्दल, असं म्हणून स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. सासरे गेले तेव्हाही तो रडला नव्हता, म्हणाली. दगड आहे नुसता. हे सगळं बोलता बोलता ती थांबली. सील कधी कधी फाटलं, त्या वेळांचा कागद तिने मागितला. बाईंनी द्यायला नको होता. पण एक नियम मोडलाच होता, म्हणून दिला.

ओवीने आपला फोन काढून त्यातल्या आपल्या गादीच्या नोंदींशी तारखा लावून बघितल्या. बेचाळीसही वेळा तिची गादी चालू होती. तिच्या अंगाशी होती.

“मॅडम, या गादीला हुंदका कळतो का?”

“नाही. तिला ठोके कळतात, श्वास कळतो, थरथर कळते.”

“आणि माणूस जवळ आल्यावर जे होतं ते?”

खोटं बोलणं बाईंना जमणाऱ्यातलं नव्हतं. “तेही तेच,” त्या म्हणाल्या. “ठोके, श्वास, थरथर. यंत्राला त्यात फरक करता येत नाही.”

पुढच्या वर्षी आठव्या दर्जाचं सील येतंय, ते अश्रूंनीही जाणार नाही, असं सांगून बाईंनी तिला धीर द्यायचा प्रयत्न केला. आपण काय बोलून गेलो हे त्यांचं त्यांनाच लगेच कळलं. ओवीचं लक्षच नव्हतं. ती कागदावरच्या वेळांवरून एकेक करून बोट फिरवत होती.

“या सगळ्या मला आठवतायत,” ती म्हणाली. “लग्नानंतरचे आमचे सगळ्यात चांगले दिवस होते हे. मला वाटायचं, इतक्या लांबून माझ्यासाठी इतका कासावीस होतोय. मी गादी घट्ट धरायचे, मॅडम. आणि त्याला लगेच मेसेज करायचे, थांबू नकोस.”