पुलावर बंद पडलेली गाडी

"बाई, लगेच या! पोरानं गाडीच्या टाकीत रॉकेल ओतलंय," रक्तपेढीचे साहेब फोनवर जवळजवळ ओरडलेच. "आज पोलिसांत तक्रार देतोय. त्याआधी तुमचा शेरा हवा."

तपासनीस बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. गाड्या तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पण आधी चोर ठरवून मग पुरावा मागणारी माणसं भेटली की त्या आधी स्वतः गाडी बघायला निघायच्या. जेवण अर्धंच राहिलं.

रक्तपेढीमागच्या शेडमध्ये ती मोटारसायकल उभी होती. आदल्या दिवशी रक्ताच्या पिशव्या नेताना ती पुलाच्या चढावर बंद पडली, मागून टेम्पोचा धक्का बसला आणि चालवणाऱ्या पोराचं मनगट मोडलं. तशा हातानं पिशव्यांची पेटी छातीशी धरून तो इस्पितळापर्यंत पळत गेला. पेशंट वाचला. बक्षीस म्हणून पोराच्या माथी चोरीचा आळ आला!

तो पोरगा, दोघा भावांतला धाकटा, बाकावर बसला होता. त्याचा थोरला भाऊ इथलाच मिस्त्री. तो त्याच्या शर्टाची बटणं लावून देत होता, आणि मधूनच स्वतःचा खिसा चाचपत होता.

"रॉकेल कशावरून?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीनं ऑक्सिजन सेन्सर पुढे केला. धुराच्या नळीत बसणारा, बोटाएवढा. टोक काजळीनं काळंकुट्ट. "नवाच बसवला होता. लगेच काळा पडला. पेट्रोल खराब, दुसरं काय? पण मी पंपवाल्याला दोष दिला होता, बाई. ह्याला नाही."

"बाकीच्या गाड्याही त्याच पंपावर भरतात," साहेब म्हणाले. "त्या कशा ठणठणीत? ह्यानंच पेट्रोल काढून विकलं आणि रॉकेल भरलं."

"आईशप्पथ नाही हो," धाकटा कळवळला.

"गाडीला काय होत होतं?" बाई त्याच्याकडे वळल्या.

"सपाटीला मस्त. चढ लागला की अडखळायची. मागून पेट्रोलचा वास यायचा."

"कोणाला सांगितलंस?"

"दादाला. तो म्हणाला, सेन्सर गेलाय."

"मिस्त्री, प्लग काढून पाहिलात?"

"त्याला हातच लावला नाही. दिवा सेन्सरचा लागला होता ना."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गाडी अडखळली की मिस्त्री आधी प्लग काढतो. ही सवय काही सुटत नाही.

त्यांनी टाकीतले पेट्रोलचे थेंब कागदावर टाकले. ते उडून गेले. कागद कोरडा, डाग नाही.

"रॉकेल असतं तर तेलकट डाग राहिला असता. पेट्रोल चांगलं आहे, साहेब."

साहेबांचा चेहरा पडला. बाई इंजिनाशी वाकल्या. सगळीकडे धुळीचा थर होता. प्लगवरची रबरी टोपी तेवढी लख्ख पुसलेली. आत प्लग पेट्रोलनं चिंब. त्यांनी टोपी उजेडाकडे धरली. बाजूला बारीकसं भोक होतं. भिंतीवर पान्यांच्या शेजारी सीट शिवायची जाड सुई लटकत होती.

"शेडची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच," मिस्त्री पुटपुटला.

"आणि खिशात काय आहे?"

बाईंनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेवटी त्यानं खिशातून नवीकोरी टोपी काढली.

"ऐका, साहेब," बाई म्हणाल्या. "सपाटीला ठिणगी प्लगमध्ये नीट पडायची. चढावर इंजिनावर जोर आला की ती ह्या भोकातून बाहेर निसटायची. मग पेट्रोल जळायचं नाही, आणि त्याच्या वाटचा ऑक्सिजनही तसाच उरायचा. दोन्ही धुराच्या नळीत जायचे. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. तो दिसला की सेन्सर सांगतो, पेट्रोल कमी पडतंय. गाडीचा कॉम्प्युटर आणखी ओततो. असं होत होत सेन्सर काळा पडला, प्लग बुडाला आणि गाडी गप झाली. बिचारा सेन्सर इमानदार होता, त्याला समजलंच तेवढं."

"पण टोपीला भोक पाडलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

"ज्यानं प्लगला हात लावला नाही म्हणून सांगितलं, त्यानंच टोपी पुसून ठेवली होती. बदलायची टोपीही तोच खिशात घेऊन फिरत होता."

धाकटा उठून उभा राहिला. "दादा?"

"मी जुन्या गाड्यांवर शिकलो," मिस्त्री म्हणाला. "त्यांत टोपीला असं सुईनं टोचलं तर गाडी नुसती कुरकुरते. मला वाटलं, दोनचारदा अडखळेल, तू वैतागशील, टेबलावरचं काम मागशील. मग टोपी बदलून टाकणार होतो. ही गाडी जास्तीचं पेट्रोल ओतून मरेल, तीही पुलावर, हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे."

"मला सांगायचंस तरी."

"किती वेळा सांगितलं, गाडी सोड म्हणून! बाबा गाडीवरच अपघातात गेले. तू हसण्यावारी न्यायचास."

धाकट्यानं मान खाली घातली. वरचं एक बटण लावायचं राहिलं होतं. मिस्त्रीचा हात सवयीनं पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला. बाईंनी ते पाहिलं, पण शेरा लिहायचा तो त्यांनी खराच लिहिला.

साहेबांनी तयार असलेली तक्रार पुढे ओढली आणि पेन उघडलं. चोरीचा मजकूर त्यांनी खोडला. आरोपीचं नाव मात्र सगळं नव्यानं लिहायची गरज पडली नाही. त्यांनी फक्त पहिलं नाव खोडून थोरल्याचं लिहिलं. वडिलांचं नाव आणि आडनाव तसंच राहिलं.